दुखणे खरे, मग उपचारच खोटा का?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

किशोरवयीन मुलांसाठी लिहिल्या जाणाऱ्या डिस्टोपियन विज्ञानकादंबऱ्यांविषयी, म्हणजे उद्ध्वस्त भविष्यकाळातील जुलमी राजवटींच्या गोष्टींविषयी, पालकांची तक्रार बहुधा एकच असते. ही पुस्तके फार काळोखी आहेत, त्यांत मुलेच मुलांच्या जिवावर उठतात आणि ती वाचून आमची मुले निराश होतील, असे त्यांचे म्हणणे असते. मी अनेक वर्षे एका शाळेचे ग्रंथालय सांभाळते आणि ही तक्रार माझ्या टेबलापाशी पुष्कळदा आली आहे. तिच्यामागची माया मला कळते, पण बोट चुकीच्या जागी ठेवले जाते आहे असे मला वाटते. या पुस्तकांतल्या काळोखाची मला फारशी भीती वाटत नाही. मला काळजी वाटते ती त्यांत डॉक्टर, औषध आणि मनावरचे उपचार यांचे जे चित्र पुन्हा पुन्हा येते त्याची, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मला या विषयाकडे वळवणारा प्रसंग आधी सांगते. ज्या मुलीचा हा प्रसंग आहे तिला विचारूनच तो लिहिते आहे, आणि तिची ओळख पटेल असे काहीही इथे येऊ दिलेले नाही. सोळा वर्षांची ही मुलगी लुइस लॉरी यांची ‘द गिव्हर’ ही १९९३ सालची कादंबरी परत करायला आली होती. शाळा सुटल्याची घंटा होऊन गेली तरी ती टेबलापाशीच उभी राहिली. पुस्तक तिने माझ्यापुढे ठेवले होते, पण अंगठा एका पानात अडकवलेला होता आणि तो काही केल्या निघत नव्हता. कादंबरीच्या नायकाला, जोनासला, त्याची आई पहिली गोळी देते ते ते पान होते. शेवटी तिने खालच्या आवाजात विचारले, “बाई, डॉक्टरांनी मला गोळ्या लिहून दिल्यात. त्या घेतल्या तर मी मीच राहीन ना?”

ज्यांनी ही कादंबरी वाचलेली नाही त्यांना या प्रश्नाचे वजन कळावे म्हणून थोडे सविस्तर लिहिते. जोनास ज्या वसाहतीत राहतो तिथे दुःख, युद्ध, भूक, रंग आणि संगीत यांपैकी काहीच उरलेले नाही. वयात येऊ लागलेल्या प्रत्येकाला रोज सकाळी एक गोळी घ्यावी लागते आणि ती मनात उमलू लागलेली ओढ पुसून टाकते. जोनासला एक स्वप्न पडते, ते तो रिवाजाप्रमाणे घरच्यांना सांगतो, आई त्याला गोळी देते आणि त्या स्वप्नातली गोड हुरहूर विरून जाते. पुढे सगळ्या मानवजातीच्या आठवणी स्वीकारण्याचे काम त्याच्याकडे येते, तेव्हा तो ती गोळी घेणे आपल्या मनाने बंद करतो, आणि वाचकाला तो क्षण सुटकेचा वाटतो. कथेच्या दृष्टीने ते अगदी योग्यच आहे. पण ज्या मुलीच्या दप्तरात त्याच दिवशी औषधाची चिठ्ठी आहे, ती हे पान कसे वाचत असेल याचा विचार मी तोवर कधी केला नव्हता.

मी डॉक्टर नाही. मी तिला एवढेच म्हटले की हा प्रश्न अतिशय चांगला आहे आणि तो जसाच्या तसा डॉक्टरांना विचारायला हवा. तिला तो तोंडाने विचारणे जमेल असे वाटेना, म्हणून आम्ही तो एका चिठ्ठीवर लिहिला आणि ती चिठ्ठी तिने घडी करून वहीत ठेवली. त्यानंतर काही आठवडे मी आमच्या कपाटातल्या या प्रकारच्या कादंबऱ्या एकेक करून पुन्हा वाचल्या, आणि या वेळी फक्त एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवले: यांत मन दुखावलेल्या मुलाला मदत कोण करते, आणि ती मदत कशी दाखवलेली आहे?

जे दिसले त्याने मी अस्वस्थ झाले. स्कॉट वेस्टरफेल्ड यांच्या २००५ सालच्या ‘अग्लीज’मध्ये सोळाव्या वर्षी प्रत्येकावर सुंदर करण्याची शस्त्रक्रिया होते आणि त्याच वेळी मेंदूत फेरफार करून माणसाला निमूट बनवले जाते. लॉरेन ऑलिव्हर यांच्या २०११ सालच्या ‘डिलिरियम’मध्ये प्रेम हाच रोग ठरवलेला आहे आणि अठरा वर्षे पूर्ण झाली की त्यावरचा ‘उपचार’ सक्तीचा आहे. सुझॅन यंग यांच्या २०१३ सालच्या ‘द प्रोग्राम’मध्ये तर विषय थेट मनाच्या आजाराचाच आहे. तिथे किशोरवयीन मुलांमध्ये आत्महत्यांची साथ पसरलेली आहे आणि तिच्यावरचा सरकारमान्य उपाय म्हणजे मुलाला उचलून नेऊन त्याच्या आठवणी पुसून टाकणे. त्या कादंबरीतली मुले आईवडिलांसमोर रडत नाहीत, कारण रडताना दिसले की उचलून नेले जाईल ही भीती असते. दुःख लपवणे हाच जगण्याचा मार्ग होऊन बसतो. लेखिकेने ही घुसमट फार प्रत्ययकारी रंगवली आहे, आणि घरात ‘सगळे ठीक आहे’ असा चेहरा करून वावरणाऱ्या मुलाला ती वाचताना कोणीतरी आपल्याला ओळखले असे वाटेल यात शंका नाही. पण त्याच मुलाला त्या कथेतून एक वाटही सुचते, आणि ती अशी की कोणाला कळू देऊ नकोस, कारण मदत करायला येणारे तुझ्यातला तूच काढून नेतील.

म्हणजे या कादंबऱ्यांत दुखणे खरे असते. निद्रानाश, दचकून उठणे, अपराधाची टोचणी, जिवलग गेल्यावर येणारे बधिरपण, हे सगळे कधी कधी वैद्यकीय पुस्तकापेक्षाही अचूक उतरलेले असते. उपचार मात्र जवळजवळ नेहमी खलनायकाच्या हातात असतो. गोळी, सुई, पांढरा कोट आणि स्वच्छ उजेडाची खोली दिसली की वाचकाने घाबरायचे, हा या प्रकाराचा संकेतच होऊन गेला आहे.

हा संकेत हवेतून आलेला नाही, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. ऑल्डस हक्सली यांनी १९३२ साली ‘ब्रेव्ह न्यू वर्ल्ड’मध्ये ‘सोमा’ नावाची गोळी आणली. ती घेतली की असंतोष विरघळतो आणि माणसे आनंदाने गुलामीत राहतात. पुढच्या काही वर्षांत वास्तवानेही तशी उदाहरणे पुरवली. मेंदूचा पुढचा भाग तोडून माणूस शांत करण्याची शस्त्रक्रिया १९३५ साली पोर्तुगालमध्ये एगास मोनिझ यांनी सुरू केली, तिच्यासाठी त्यांना १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले, आणि तिने कितीतरी माणसांची आयुष्ये कायमची मंदावली. सोव्हिएत संघात सरकारविरोधी बोलणाऱ्यांना ‘सुस्त स्किझोफ्रेनिया’ असे निदान चिकटवून मनोरुग्णालयात डांबले जात असे. मनोरुग्ण ठरवण्याचा अधिकार सत्तेच्या हाती गेला की काय होते हे जगाने पाहिले आहे, आणि त्याबद्दल सावध करणारे साहित्य असायलाच हवे. शिवाय किशोरवयाचे स्वतःचे एक सत्य आहे. त्या वयात शरीराबद्दल, अभ्यासाबद्दल, झोपेबद्दल, मित्रांबद्दल सगळे निर्णय मोठी माणसे घेत असतात, आणि ‘तुझ्या भल्यासाठीच’ हे शब्द ऐकून मुलांचे कान किटलेले असतात. भल्यासाठी म्हणून दिली जाणारी गोळी ही त्या अनुभवाची नेमकी प्रतिमा आहे. म्हणून ती इतकी चालते.

अडचण अशी आहे की ही प्रतिमा वाचणाऱ्यांत खरोखर आजारी असलेली मुले पुष्कळ असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगात १० ते १९ वयोगटातील दर ७ मुलांमागे १ मूल कुठल्या ना कुठल्या मानसिक विकारासह जगते आहे, आणि १५ ते २९ या वयोगटातील मृत्यूंच्या कारणांत आत्महत्या तिसऱ्या क्रमांकावर आहे. यांतल्या बहुतेकांपर्यंत मदत पोहोचत नाही. कोणाला सांगितले तर लोक काय म्हणतील ही लाज असते, आणि सांगितले तर माझे काय करतील ही भीती असते. पहिलीबद्दल आता थोडेफार बोलले जाते. दुसरी मात्र मुलांच्या मनात निमूटपणे राहते, आणि तिला आकार देण्याचे काम आपल्या आवडत्या कादंबऱ्याही करत असतात.

त्या मुलीच्या प्रश्नाला प्रत्यक्षात काय उत्तर असते, ते मी नंतर एका जाणकार समुपदेशकांकडून समजून घेतले आणि इथे थोडक्यात मांडते. नैराश्य सौम्य असेल तर पौगंडावस्थेत सुरुवात बहुधा बोलण्याच्या उपचारांनी होते. औषध लागले तर ते मुलाशी आणि पालकांशी बोलून, कमी मात्रेपासून सुरू केले जाते आणि परिणाम पाहत बदलले जाते. काही जणांना या औषधांनी भावना बोथट झाल्यासारखे वाटते, हे खरे आहे. तसे वाटले तर डॉक्टरांना सांगायचे असते आणि मात्रा किंवा औषध बदलता येते. लहान वयात नैराश्यावरील औषधे सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यांत बारीक लक्ष ठेवावे लागते, कारण काहींच्या मनात जीव देण्याचे विचार वाढू शकतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००४ साली या औषधांवर तसा ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. आणि जोनाससारखी गोळी आपल्या मनाने एकाएकी सोडली तर चक्कर, अस्वस्थता, झोप उडणे असे त्रास होऊ शकतात, आजारही उलटू शकतो. ही माहिती गुंतागुंतीची आहे, तिच्यात धोकेही आहेत, पण तिच्या केंद्रस्थानी ते मूल आहे. त्याने विचारायचे, नाही म्हणायचे, बदल मागायचा. कादंबरीतल्या गोळीशी तिचे साम्य फक्त आकारापुरते आहे.

इथे ‘द गिव्हर’वर अन्याय होऊ नये म्हणून आणखी एक गोष्ट नोंदवते, जी मला दुसऱ्या वाचनात दिसली आणि आता त्या पुस्तकातली सर्वांत मोलाची वाटते. त्या वसाहतीत रोज संध्याकाळी जेवणानंतर प्रत्येक कुटुंबात भावना सांगण्याचा कार्यक्रम असतो. प्रत्येकाने दिवसभरातली एक भावना सांगायची, बाकीच्यांनी ती ऐकून समजूत घालायची आणि विषय संपवायचा. वरवर पाहता याहून निरोगी घर कोणते? पण जोनासला नवे काम मिळते तेव्हा त्याच्या नियमांच्या कागदावर लिहिलेले असते की प्रशिक्षणाविषयी कोणाशी बोलायचे नाही, स्वप्ने सांगायची नाहीत, आणि प्रशिक्षणातून होणाऱ्या वेदनेसाठी औषध मागायचे नाही. म्हणजे ज्या दिवशी त्याला खरोखर काही सांगण्यासारखे होते, त्याच दिवशी सांगण्याचा दरवाजा बंद होतो. त्याच्या आधी ज्या मुलीने हे काम घेतले होते ती त्या आठवणींचे ओझे सोसू शकली नाही आणि तिने त्या समाजातून कायमची ‘मुक्ती’ मागितली. मृत्यूला तिथे हाच गोंडस शब्द आहे. मोडून पडायला दुःख जितके कारण होते तितकेच ते एकटीने वाहण्याची सक्तीही होती, हे लेखिकेने कुठेही न सांगता दाखवले आहे. गोळीच्या प्रतिमेपेक्षा या कागदाविषयी आम्ही मुलांशी अधिक बोलले पाहिजे.

व्हेरोनिका रॉथ यांच्या २०११ सालच्या ‘डायव्हर्जंट’बद्दल माझे मत संमिश्र आहे. त्यातला समाज वेगवेगळ्या गटांत विभागलेला आहे, आणि धाडसाला सर्वस्व मानणाऱ्या गटात शिरू पाहणाऱ्या नवशिक्या मुलांना औषध टोचून त्यांच्या सर्वांत खोल भीतींच्या आभासी जगात सोडले जाते, आणि तिथून ती किती लवकर बाहेर येतात यावर त्यांचा क्रमांक ठरतो. भीतीला सामोरे जाऊन तिच्यावर मात करण्याची पद्धत मानसोपचारातही आहे, पण तिथे ती पायरीपायरीने, सुरक्षित वातावरणात आणि त्या व्यक्तीच्या संमतीने वापरली जाते. थांब म्हटले की थांबता येते, आणि क्रमांक कोणी लावत नाही. कादंबरीने या दोहोंत फरक केलेला नाही, त्यामुळे धाडस म्हणजे दात-ओठ खाऊन सोसणे असा समज मुलांच्या मनात पक्का होतो.

पण त्याच कादंबरीत अ‍ॅल नावाचा एक मुलगा आहे. तो आडदांड शरीराचा, मनाने हळवा. पहिल्याच रात्री सगळे झोपल्यावर तो उशीत तोंड खुपसून रडतो, आणि शेजारी जागी असलेली नायिका ट्रिस ते ऐकते. आपण त्याला धीर द्यायला हवा हे तिला कळते, पण तिला त्याची किळस येते आणि ती कूस बदलते. पुढे हाच मुलगा हातून घडलेल्या एका अपराधानंतर जीव देतो. त्यावर त्याच्या गटाचा म्होरक्या त्याच्या मृत्यूला शौर्य म्हणून गौरवतो, सगळे जल्लोष करतात, आणि ट्रिस संतापते. ज्या गटात ती वाढली तिथे अशा मृत्यूला स्वार्थ म्हटले जाते, हेही तिला आठवते. एका गटाकडे एक शब्द आहे, दुसऱ्याकडे दुसरा. तो रात्री का रडत होता हे विचारण्याची सोय मात्र दोन्हीकडे नाही. ही काही पाने मी आमच्या वाचनगटात मोठ्याने वाचून दाखवली होती. वाचन संपल्यावर एका मुलाने, जो सहसा काही बोलत नाही, एवढेच म्हटले की पहिल्या रात्री तिने कूस बदलायला नको होती. त्यानंतर झालेली चर्चा मी ऐकलेल्या व्याख्यानांपेक्षा कितीतरी खोल होती. त्या वयाच्या मुलांना कोणाच्या तरी रडण्याचा आवाज ऐकून गप्प राहिल्याची आठवण असते, आणि ती सांगायला त्यांना एक अ‍ॅल लागतो.

आता ज्या पुस्तकावर पालकांचा राग सर्वांत जास्त असतो त्याकडे येते. सुझॅन कॉलिन्स यांच्या ‘द हंगर गेम्स’ मालिकेचे पहिले पुस्तक २००८ साली आले आणि मूळ त्रयीतले तिसरे, ‘मॉकिंगजे’, २०१० साली. मुलांना आखाड्यात उतरवून एकमेकांना मारायला लावणारी ही कथा आहे, आणि ती सौम्य नाही. तरीही मनाच्या दुखण्याचा जितका आदर मला या मालिकेत दिसला तितका दुसरीकडे क्वचित दिसला. सुरुवातीलाच कळते की नायिका कॅटनिस अकरा वर्षांची असताना तिचे वडील खाणीतल्या स्फोटात गेले आणि त्यानंतर तिची आई नुसती बसून राहिली. मुली उपाशी होत्या तरी ती उठली नाही. कॅटनिसने तिला माफ केलेले नाही. आई आजारी होती हे तिला बुद्धीने कळते, पण अकरा वर्षांच्या मुलीचा राग तिच्या मनात तसाच आहे. नैराश्यग्रस्त आईबापांच्या हाताखाली वाढलेल्या मुलांचे मन याहून सरळपणे मी कुठे वाचलेले नाही. आणि मग तिसऱ्या भागात कॅटनिस स्वतः त्याच जागी येऊन पोहोचते.

बहुतेक कादंबऱ्या राजवट उलथली की संपतात. ही संपत नाही. लढाई चालू असतानाच कॅटनिसच्या मनगटावर ‘मानसिकदृष्ट्या गोंधळलेली’ अशा अर्थाची पट्टी असते, ती कपाटांत लपून बसते, आणि डोके गरगरू लागले की एका डॉक्टरांनी सुचवलेली युक्ती करते: ज्या साध्या गोष्टी नक्की खऱ्या आहेत त्यांपासून सुरुवात करायची, नाव, वय, गाव, आणि तिथून अवघड गोष्टींकडे जायचे. तिचा सोबती फिनिक दोरीच्या तुकड्याला गाठी मारत बसतो, सोडवतो आणि पुन्हा मारतो. आखाड्यात तिच्याबरोबर उतरलेल्या पीटाच्या आठवणी शत्रूने विषाने नासवलेल्या असतात, त्यामुळे काय घडले आणि काय घडलेच नाही हे त्याला कळेनासे होते. तेव्हा तुकडीतली एक स्त्री एक खेळ काढते, ज्यात त्याने आठवण सांगायची आणि इतरांनी ती खरी की खोटी हे सांगायचे. शेवटी कॅटनिस आपल्या ओसाड गावी परतते आणि खुर्चीतून उठत नाही. एक म्हातारी शेजारीण सकाळ-संध्याकाळ येऊन तिच्यासाठी रांधते. राजधानीतला एक डॉक्टर फोन करत राहतो आणि ती उचलत नाही, तेव्हा तो निरोप पाठवतो की तुझ्यावर उपचार चालू आहेत असे सोंग मी कायम करू शकणार नाही, फोन उचल. पुढे ती उचलते. गेलेल्यांच्या आठवणी लिहून ठेवण्याचे पुस्तक करायचे तिला सुचते, तेव्हा त्यासाठी कागद तोच डॉक्टर पाठवतो. अनेक वर्षांनंतर, मुले झाल्यावरही, वाईट स्वप्ने थांबलेली नसतात. एखादी सकाळ फार जड गेली तर ती पाहिलेल्या चांगल्या कृत्यांची मनात यादी करते, आणि हा खेळ वीस वर्षांनी कंटाळवाणा झाला तरी ती खेळत राहते.

ज्युडिथ हर्मन या मानसोपचारतज्ज्ञ स्त्रीने १९९२ साली आघातातून सावरण्याचे तीन टप्पे मांडले होते: आधी सुरक्षितता, मग आठवणे आणि शोक करणे, मग पुन्हा माणसांशी जोडले जाणे. शेजारणीचे जेवण, आठवणींचे पुस्तक आणि परतलेला पीटा या क्रमात ते टप्पे जवळजवळ जसेच्या तसे दिसतात. लेखिकेने ते ठरवून केले असेल असा माझा दावा नाही, पण ज्या मुलाने ही शेवटची पाने नीट वाचली त्याला बरे होणे म्हणजे काय असते याची खरी कल्पना येते. ते हळू असते, कंटाळवाणे असते, अर्धवट राहते, आणि त्यात दुसऱ्याचा हात लागतो. हीच पाने मुले भराभर उलटून टाकतात, कारण लढाई संपलेली असते. मी अलीकडे पुस्तक देतानाच सांगते की शेवटची पाने सावकाश वाच आणि मला येऊन सांग.

कथांचा मनावर परिणाम होतो का, या प्रश्नावर दोन्ही बाजूंनी घाईघाईने बोलले जाते. आत्महत्यांच्या ठळक बातम्यांनंतर आत्महत्या वाढतात हे समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ साली दाखवले आणि जर्मन लेखक गटेच्या १७७४ सालच्या, नायक वेर्थर जीव देतो त्या कादंबरीवरून त्याला ‘वेर्थर परिणाम’ असे नाव दिले. त्यामुळे मृत्यूचे तपशीलवार किंवा मोहक चित्रण टाळावे, हा आग्रह रास्तच आहे आणि लेखकांनी तो पाळावा. पण २०१० साली ऑस्ट्रियातील संशोधकांनी वृत्तपत्रांचा अभ्यास करून याची दुसरी बाजूही मांडली. संकटात सापडलेल्या, जीव द्यायच्या विचारापर्यंत गेलेल्या आणि तरीही त्यातून वाट काढलेल्या माणसांच्या हकिकती छापून येतात, त्यानंतर आत्महत्या घटताना दिसतात. याला त्यांनी मोझार्टच्या १७९१ सालच्या संगीत नाटकातल्या पापागेनोचे नाव दिले. प्रेयसी गमावली असे वाटून पापागेनो जीव द्यायला निघतो, आणि तीन मुलगे येऊन त्याच्याजवळ असलेल्या घंटांची त्याला आठवण करून देतात. त्याला अडवणारी मुलेच आहेत, हे मला फार आवडते. मैत्रिणीची अवस्था आधी मैत्रिणीलाच कळते, आम्हाला मागाहून कळते.

म्हणूनच ही पुस्तके कपाटातून काढा, असे म्हणणाऱ्या पालकांना माझे सांगणे आहे की काढू नका, सोबत वाचा. मूल सारखे एकच पुस्तक, एकच पान वाचत असेल तर पुस्तक हिसकावून घेण्याऐवजी ते पान वाचून पाहा. तिथे काय आहे ते कळले की मुलाशी बोलायला सुरुवात कुठून करायची हे आपोआप कळेल. पुस्तकातल्या गोळीबद्दल आणि खऱ्या गोळीबद्दल एकाच बैठकीत बोलता येते, हा माझा अनुभव आहे. आणि मूल स्वतःला इजा करण्याबद्दल किंवा जगण्यात अर्थ नसल्याबद्दल बोलत असेल, तर मात्र पुस्तकांची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी तज्ज्ञांची मदत घ्या. विचारल्याने असे विचार मुलाच्या डोक्यात शिरतील ही भीती बाळगू नका. विचारले नाही तर ते एकटेच राहते.

ती मुलगी साधारण महिन्याभराने आली. चिठ्ठी डॉक्टरांनी वाचली होती आणि त्यावर बराच वेळ बोलणे झाले होते, असे तिने सांगितले. काय बोलणे झाले ते मी विचारले नाही आणि तिने सांगितले नाही. गोळ्या चालू आहेत की नाहीत, हेही मला ठाऊक नाही. तिने ‘मॉकिंगजे’ मागितले आणि मी दिले.

या प्रकारात लिहू पाहणाऱ्या लेखकांना एक विनंती करून थांबते. जुलमी राजवटी जरूर रंगवा, पांढऱ्या कोटातला क्रूर माणूसही रंगवा, कारण तसे लोक झालेले आहेत. पण त्याच शहराच्या एखाद्या गल्लीत दुसरेही एक दार असू द्या. लढाई संपल्यावर झोप न येणारी तुमची नायिका ते दार ठोठावते, आतला माणूस नोंदवहीतला क्रमांक न विचारता तिचे नाव विचारतो, पाणी देतो, आणि तिला हवे तेव्हा उठून जाता यावे म्हणून दार उघडेच ठेवतो, असे एक पान मला माझ्या कपाटात हवे आहे.

आपली विश्वासू,
एक शालेय ग्रंथपाल